नजरेला चकवणारी बाग

पॅरिसपासून सुमारे ५५ किलोमीटरवर व्हो-ल-व्हिकोंत हा प्रासाद आहे. त्याच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की अख्खी बाग एका नजरेत मावते: बुटक्या झुडपांची कातरून काढलेली वेलबुट्टी, कारंजी, हौद, चौकोनी तलाव आणि त्याला जणू खेटूनच उभी असलेली दगडी गुहांची भिंत. आता चालायला लागा. तलाव गाठला की कळतं, तो वरून वाटला त्याहून कितीतरी मोठा आहे. गुहा तर त्याच्या काठाला नाहीतच. जमीन एकदम खाली उतरते आणि जवळपास एक किलोमीटर लांबीचा आडवा कालवा समोर येतो. पायऱ्यांवरून त्याचा मागमूसही लागत नाही.

ही करामत आंद्रे ल नोत्रची. १६१३मध्ये तो माळ्यांच्याच घरात जन्मला. वडील तुइलरीच्या शाही बागेचे माळी. तरुणपणी मात्र तो सिमों वुए या चित्रकाराच्या हाताखाली शिकला. लांबची वस्तू डोळ्यांना लहान दिसते, म्हणून त्याने लांबचे हौद मोठे बांधले आणि जमिनीचे उतार असे बेतले, की काय कधी दिसावं हे तोच ठरवणार. सरळ रेषांमुळे या बागांना रुक्ष म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. चालणाऱ्याला त्या सतत बदलताना दिसतात.

व्होचा मालक निकोला फुके हा राजाचा अर्थमंत्री. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने तरुण चौदाव्या लुईला इथे थाटाची मेजवानी दिली आणि तीन आठवड्यांच्या आत तो गजाआड गेला. ल नोत्रला राजाने व्हर्सायच्या कामाला जुंपलं.

तिथे खरा प्रश्न पाण्याचा होता. सेन नदीवर मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं. १६८४पासून ते नदीचं पाणी दीडशे मीटरहून उंच चढवू लागलं. तरी सगळी कारंजी सतत उडवण्याइतकं पाणी पुरेना. मग राजा फेरफटक्याला निघाला की कामगार शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारे देत. स्वारी जवळ आली की पुढचं कारंजं सुरू, पुढे गेली की मागचं बंद. बाग कुठल्या वाटेने पाहावी, कुठे थांबावं, कुठे वळावं, हेही लुईने स्वतः लिहून ठेवलं होतं.

व्हर्सायला जाणार असाल तर एक दिवस व्होसाठी राखून ठेवा, आणि दोन्हीकडे भरपूर चाला.