सातूचं शिवार, भाताचं खाचर

पुणे जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. मुळशी-मावळात भात, शिरूरच्या माळावर ज्वारी-बाजरी, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात हिंजवडी, माण, मारुंजी. तिथल्या आयटी पार्कच्या जमिनींवर तीसेक वर्षांपूर्वी नांगर चालत होता. शेतीचा उगम म्हटला की आपण इराक-सीरियाचा नकाशा उघडतो. त्यात चूक नाही, पण याच जिल्ह्यात घोड नदीकाठी त्या गोष्टीचा एक अध्याय आहे, आणि तो पाठ्यपुस्तकातल्यासारखा सरळ पुढे जात नाही.

तो आहे इनामगावात, शिरूर तालुक्यात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी घडवलेल्या या संस्थेतले म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आणि त्यांचे सहकारी हंगामामागून हंगाम तिथे खणत राहिले. इसवी सनापूर्वी 1600च्या सुमारास तिथे वस्ती झाली. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरं, आत चूल, धान्य साठवायचे बळद, तांब्याची मोजकी अवजारं आणि गारगोटीची असंख्य पाती. वस्तीच्या कडेला पुराचं पाणी वळवणारा चर आणि बांध सापडला. पाटबंधाऱ्याची ही महाराष्ट्रातली फार जुनी खूण. जळून कोळसा झालेले दाणे सांगतात की मुख्य पीक सातूचं होतं. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या या मुलुखाचं पहिलं धान्य सातू, हे ऐकून शिरूरकर आजही चकित होतील.

खरी गोष्ट पुढे आहे. इसवी सनापूर्वी 1000च्या आसपास इनामगावची घडी विस्कटते. मोठी चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांचा आधार वाढतो. तीनेकशे वर्षांनी वस्तीच उठते. हवामान कोरडं होत गेलं म्हणून, असं ढवळीकरांचं म्हणणं. कारण एकच नसेलही. पण पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेल्या माणसांनी पुन्हा मेंढरांमागे चालायला सुरुवात केली, हे हाडं आणि झोपड्या स्पष्ट दाखवतात. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डने नवाश्मयुगातल्या बदलाला क्रांती म्हटलं तेव्हापासून शेती म्हणजे एकदा चढलेली आणि न उतरलेली पायरी, असा समज रुजला. इनामगाव त्याला छेद देतं.

उगमाकडे पाहिलं तरी क्रांतीपेक्षा रखडपट्टीच दिसते. पश्चिम आशियात गहू-सातू पेरायला लागून कणसातून दाणे आपोआप न झडणारा गहू सर्रास व्हायला हजारो वर्षं गेली. चीनमध्ये यांगत्सेकाठी भात, मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात मका, अँडीजमध्ये बटाटा: हे प्रयोग एकमेकांची खबर नसताना झाले. आपल्याकडे बलुचिस्तानातल्या मेहरगढला सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी सातू पिकत होता. तो तिथे माणसांबरोबर आला की नुसत्या कल्पनेबरोबर? 2019मध्ये वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातला डीएनए तपासला. पश्चिमेकडच्या पहिल्या शेतकऱ्यांचा वंश तिच्यात आढळला नाही. बियाणं हातोहात फिरलं असावं, माणसांचे लोंढे नव्हेत, असं त्यावरून दिसतं. एका सांगाड्यावर किती भार टाकायचा, हा वाद चालूच राहील.

शिरूरच्या माळावरच्या ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या. माणसाळलेल्या ज्वारीची सर्वांत जुनी खूण पूर्व सुदानात, बाजरीची मालीत. दोन्ही अरबी समुद्राच्या वाटेने भारतात आल्या आणि पावसाच्या भरवशावर इथे तगल्या. नाचणी पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ प्रदेशातली. मुळशीचा आंबेमोहोर ज्या कुळातला, त्या भाताच्या वंशावळीत गंगेचं आणि यांगत्सेचं पाणी मिसळलेलं आहे. मिरची आणि शेंगदाणा तर पोर्तुगीजांच्या काळातले. ठेच्याला प्राचीन परंपरा चिकटवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अस्सल इथला म्हणावा तो कुळीथ, आणि त्याचीच पिठी आपण पाहुण्यांना वाढायला लाजतो!

इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडत. सूक्ष्मास्त्रं, गवळी-धनगरांच्या वाटा आणि माळावरची शेंदरी दैवतं हे सगळं एकत्र ठेवून ते वाचत. जड काळी जमीन फोडायला लोखंडी फाळ हवा, म्हणून दख्खनमध्ये शेतीचा खरा विस्तार लोहयुगातला, हा त्यांचा मुद्दा आजही टिकतो. इनामगावची माणसं नदीकाठची गाळाची जमीन धरून राहिली, त्याचं एक कारण हेच असावं.

इनामगावची शेती कोरड्या हवामानाने आटली असेल, हिंजवडीचं शेत मात्र दुष्काळाने नाही, मोबदल्याने सुटलं. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, उरलेल्या बिल्डरांकडे गेल्या. कुणी टँकर घेतले, कुणी चाळी बांधल्या, कुणाच्या हातातून पैसा निसटला. चैत्रात ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड अजून निघतं आणि आयटीवाले वाहतूक खोळंबली म्हणून करवादतात.

हिंजवडीजवळ मुळा नदीच्या काठी इनामगावसारखं एखादं गाव होतं का? ते दिसलं असतं तर जमिनीखालच्या मीटर-दोन मीटर थरात: राख, फुटकी खापरं, जळके दाणे. हिंजवडीत टॉवरच्या तळघरांसाठी ती माती डंपरने भरून नेली जाते, आणि पाया खणण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसाला एक आठवडा मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही.