गुळांब्याचं गणित

एप्रिल सरता सरता कोकणात असे काही दिवस येतात, की घरातल्या टोपल्या, परड्या, पाट्या सगळ्या कैऱ्यांनी भरून जातात आणि त्यातली एकही कैरी कुणी झाडावरून उतरवलेली नसते. संध्याकाळी वारा सुटतो, झाडं झोडपून निघतात आणि सकाळी परसात कैऱ्यांचा सडा पडलेला असतो. या कैऱ्यांचं करायचं काय? आढी घालावी, तर मार लागलेली कैरी पिकायच्या आधी कुजते. लोणचं घालावं, तर डागाची एक फोड सगळी बरणी नासवते. मग उरतो गुळांबा. मार लागलेला भाग कापून टाकायचा, उरलेली कैरी किसायची आणि गूळ, लवंगा घालून शिजवायची.

इंग्लंड-अमेरिकेतल्या गृहिणी वाऱ्याने पडलेल्या सफरचंदांचं हेच करतात. साखर घालतात, दालचिनी-लवंग घालतात आणि मऊ शिजवून बाटल्या भरून ठेवतात. इंग्रजीतला ‘विंडफॉल’ हा शब्द मुळात अशा वाऱ्याने पाडलेल्या फळांसाठीच होता, अचानक हाती आलेल्या धनाला तो पुढे चिकटला. आपल्या आज्यांना इंग्रजी येत नसेल, पण पडलेल्या फळाचं धन कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. दोन्ही गावं रायगड जिल्ह्यातली, एकाच रेल्वेमार्गावरची, गाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर. पेण म्हटलं की लोकांना गणपतीच्या मूर्ती आणि पोह्याचे पापड आठवतात. रोहा म्हटलं की कुंडलिका नदी आणि धावीर महाराजांची पालखी. गुळांबा दोन्ही घरी होई, प्रमाण मात्र निराळं. रोह्याला आत्या एक वाटी किसाला दोन वाट्या गूळ घाली. पेणला सासूबाई सव्वा वाटीवर थांबत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माहेरचं प्रमाण सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, गुळांबा करायचाय की काकवी?” आणि पेणचं प्रमाण ऐकून आत्या म्हणाली, “तुझ्या सासरी गूळ मोजून देतात वाटतं!”

दोघींचे गुळांबे मात्र चवीला उत्तम. हे कोडं उलगडलं ते रोह्याच्या कैऱ्यांची पिशवी मी पेणला आणली तेव्हा. सासूबाईंनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि काही न बोलता गुळाची दुसरी ढेप फोडायला घेतली. रोह्याच्या परसातला आंबा कडक आंबट होता आणि पेणचा मुळातच सौम्य. दोघींचं प्रमाण आपापल्या झाडापुरतं बरोबर होतं!

आता कृती. कैरी साल काढून किसावी. पातेल्यात चमचाभर तूप, त्यात चार-पाच लवंगा आणि दालचिनीचा तुकडा टाकून त्यावर कीस परतावा. झाकण ठेवून वाफ आणावी आणि कीस पारदर्शक, मऊ झाल्यावरच गूळ घालावा. ही पायरी चुकवू नये. गूळ आधी पडला तर तो किसातलं पाणी ओढून घेतो आणि कीस चिवट राहतो. मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. चिमूटभर मीठ घालावं. मंद आचेवर पाक एकतारी झाला की उतरवावा आणि वेलची घालावी. भांडं स्टीलचं घ्यावं. पितळेचं असेल तर कल्हई हवीच, कारण कैरीचं आम्ल धातूला लागतं. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरून वर दादरा बांधावा. तिखट आवडणाऱ्यांनी मोहरी-मेथीची फोडणी करून त्यात कैरीच्या फोडी शिजवाव्यात आणि गुळाबरोबर लाल तिखट घालावं. तो झाला मेथांबा.

गुळांबा वर्षभर टिकतो, त्याचं कारण साधं आहे. बुरशीला जगायला पाणी लागतं. दाट पाकातलं पाणी गुळाने धरून ठेवलेलं असतं, ते तिला मिळत नाही. शिवाय कैरीचा आंबटपणा राखणीला असतोच. म्हणूनच गूळ फार कमी करून चालत नाही आणि ओला चमचा बरणीत घातला की घरात आरडाओरडा होतो.

पण गूळ नेमका किती, हे कुठल्याही पुस्तकाला सांगता येणार नाही. हापूसचं प्रत्येक झाड कलमाचं, म्हणून गावोगावचा हापूस ओळखीचा लागतो. रायवळ आंबा कोयीतून उगवतो आणि कोयीतून आलेलं झाड बहुधा आईसारखं निघत नाही. म्हणून तर रायवळ झाडांना माणसांसारखी नावं असतात. बडीशेपेच्या वासाचा शेप्या, खोबऱ्याच्या चवीचा खोबऱ्या, गोड तो साखऱ्या, इवल्या फळांची बिटकी. असं एक झाड गेलं की एक चव कायमची जाते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. जिल्ह्यात असंख्य झाडं उन्मळून पडली, त्यात आत्याच्या परसातला आंबाही पडला. त्याचं सरपण झालं. पुढच्या उन्हाळ्यात तिने बाजारातून कैऱ्या आणल्या, पन्नास वर्षांच्या सवयीने दोन वाट्या गूळ घातला आणि बरणीत गोडमिट्ट काहीतरी तयार झालं. “हात तोच आहे गं, झाड ते नाही,” एवढंच ती म्हणाली. कृती तिला तोंडपाठ होती, पण कृतीतला निम्मा भाग परसात उभा होता, हे झाड पडल्यावर कळलं.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रायगडही आहे, याचा आनंदच आहे. रायवळाला असं नाव मिळणं अवघड. त्याला बाजारात भाव नाही, म्हणून ते कुणी मुद्दाम लावत नाही. घर बांधायला, रस्ता रुंद करायला पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. पेण-रोह्याच्या बाजारात आजूबाजूच्या वाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बायका रायवळ कैऱ्यांचे वाटे मांडून बसतात, तेवढाच त्याचा बाजार.

झाड उभं आहे तोवर मात्र उपाय सोपा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी उकिरड्यावर टाकलेल्या कोयी उगवतात. त्या कोवळ्या रोपावर आपल्या झाडाची काडी बांधली की कोय कलम होतं. कोकणातल्या कुठल्याही रोपवाटिकेतला माळी हे करून देतो. हापूससाठी वापरतात तीच ही रीत, ती रायवळाला चालणार नाही असं थोडंच आहे? गेल्या पावसाळ्यात आमच्या पेणच्या झाडाची चार कलमं बांधून घेतली. दोन जगली. त्यातलं एक रोह्याला आत्याकडे दिलं. त्याला सव्वा वाटी गूळ पुरतो, हेही तिला सांगून ठेवलं आहे.

तुमच्या घरी अजून कुणी आजी, मावशी गुळांबा करत असेल, तर यंदा तिच्याकडून कृती जरूर उतरवून घ्या. पण वाट्या-चमचे मोजण्याआधी वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, कैरी कुठल्या झाडाची.