गप्पी मासे पैदास केंद्र आणि धाराशिवचं साठवणीचं पाणी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात, बहुतेक वेळा मागच्या भिंतीला लागून, सिमेंटचा एक बुटका हौद असतो. वर जाळी, अर्ध्या भागावर सावली, पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पतींचा गुंता. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘गप्पी मासे पैदास केंद्र’. औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं तिकडं क्वचितच लक्ष जातं. पण नळाला पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं अशा धाराशिवसारख्या जिल्ह्यात आरोग्य खात्याची ही सर्वांत स्वस्त आणि घराच्या सर्वांत जवळ पोचणारी यंत्रणा आहे. ती नीट चालली तर काय होतं, ती का अडते आणि तिच्याबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. इथला पाऊस दोन दिशांना वाटला जातो : मांजरा आणि तेरणा आपलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात नेतात, सीना आणि बोरी भीमेकडं. माथ्यावरच्या जिल्ह्यात पाणी फार थांबत नाही. धाराशिव शहराला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून जलवाहिनीनं पाणी आणावं लागलं, यावरूनच परिस्थिती कळावी. साहजिकच घरोघरी साठवण आली. दारात हौद, न्हाणीत टिपाड, ओसरीवर रांजण, माळवदावर प्लॅस्टिकची टाकी. ज्या बाईनं टँकरमागं धावून पाणी भरलं, तिला ‘आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा’ असं सांगणं सोपं आहे. ते ओतून देणं तिच्या जिवावर येतं.

एडिस इजिप्ती हा डास नेमका याच पाण्यावर जगतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा हा डास गटारीच्या घाण पाण्यापेक्षा घरातलं स्वच्छ, स्थिर पाणी पसंत करतो आणि दिवसा चावतो. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात; पाणी पुन्हा तिथवर चढलं की अळी बाहेर येते आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो. म्हणून टिपाड नुसतं ओतून भागत नाही. काथ्यानं आतून घासल्याशिवाय अंडी निघत नाहीत.

डासामुळं येणारे आजार पावसाळ्याचे, असं आपण धरून चालतो. धाराशिवच्या शेजारच्या बार्शीनं फार पूर्वी वेगळा धडा दिला होता. १९७३ च्या मार्च महिन्यात बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, तिचा अभ्यास केला. साल आणि महिना लक्षात घ्यावा. ७२ च्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता; पाऊस नव्हता आणि डबकीही नव्हती. एडिसला डबकं लागत नाही, भरलेलं भांडं लागतं. त्यानंतर हा आजार जवळपास तीन दशकं देशात फारसा दिसला नाही आणि २००५ च्या अखेरीस परतला; २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र त्या साथीत होरपळलेल्या राज्यांपैकी एक होता.

आता मासा. गप्पीचं शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून १८५९ मध्ये विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. पुढं त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी यांनी नमुने लंडनला पाठवले आणि त्यांचं नाव माशाला चिकटलं. २० ऑगस्ट १८९७ रोजी निजामाच्या मुलखातल्या सिकंदराबाद छावणीत रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्या शोधानंतर अळी खाणाऱ्या माशांचा शोध जगभर सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात आला आणि १९२८ मध्ये इटलीहून त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया.

नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, अंगावर रंगीत ठिपके असलेला. मादी सहा सेंटिमीटरपर्यंत, करड्या रंगाची. मादी अंडी घालत नाही. साधारण चार आठवड्यांनी ती पोहती पिल्लंच जन्माला घालते आणि ती पिल्लं सुमारे तीन महिन्यांत वयात येतात. तोंड वरच्या बाजूला वळलेलं असल्यामुळं पृष्ठभागाशी श्वास घ्यायला आलेली अळी त्याला सहज टिपता येते. कीटकजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या माहितीनुसार एक गप्पी चोवीस तासांत ८० ते १०० अळ्या खातो. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो. थंडी मात्र त्याला सोसत नाही. मराठवाड्याचं हवामान त्याला मानवतं.

पैदास केंद्राचं काम वाटतं तितकं आपोआप होत नाही. गप्पी स्वतःचीच पिल्लं खातो, म्हणून हौदात हायड्रिलासारखी वनस्पती दाट ठेवावी लागते किंवा मधे जाळी लावून पिल्लांना वेगळा कप्पा करावा लागतो. नळाचं क्लोरिनयुक्त पाणी थेट सोडलं तर मासे मरतात. ते एक-दोन दिवस उघडं ठेवून मग घालावं लागतं. उन्हाळ्यात हौदाची पातळी खाली जाते, पाणी तापतं. पावसाळ्याच्या तोंडावर वाटपाला मासे हवे असतील तर याच दिवसांत ते जगवावे लागतात. वाटपाच्या दिवशी आरोग्य सेवक मच्छरदाणीच्या तुकड्यानं मासे धरतो, अर्धी पाण्यानं आणि अर्धी हवेनं भरलेल्या पिशवीत घालतो आणि गावाकडं निघतो. घरापाशी पोचल्यावर पिशवी लगेच उलटी करायची नसते. थोडा वेळ ती टाकीतल्या पाण्यावर तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की मग मासे सोडायचे.

खरी परीक्षा इथून पुढं. पिण्याच्या पाण्यात मासा नको, हे घरच्या बाईचं म्हणणं रास्त आहे. त्या भांड्याला झाकण हवं आणि वर फडकं बांधायला हवं. गप्पीची जागा वापरायच्या पाण्याचा हौद, जनावरांची टाकी, न वापरातला आड, गावातली जुनी बारव. पण हौद धुतला की मासाही ओतला जातो. नवा मासा कोण आणणार, हे कुणीच ठरवलेलं नसतं. माशाचं काम माशापाशी अडत नाही, या न ठरलेल्या जबाबदारीपाशी अडतं.

मग हा मासा खरोखर उपयोगी पडतो का? याचं प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवसारख्याच कोरड्या पठारावर, हिवताप संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गावांतल्या विहिरींत गप्पी आणि तळ्यांत गॅम्बुशिया सोडले. विहिरींत वाढणाऱ्या ॲनोफिलीस डासांना त्यामुळं आळा बसला आणि त्या गावांत हिवताप घटल्याची नोंद झाली. कंबोडियात पाण्याच्या मोठ्या रांजणांत गप्पी, जोडीला अळीची वाढ रोखणारं औषध आणि गावकऱ्यांचा सहभाग अशी चाचणी झाली. तिथं घरांतले प्रौढ एडिस डास साधारण निम्म्यावर आले. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग असा, की डास कमी झाले म्हणजे आजार तितकाच कमी झाला हे सिद्ध करणं फार अवघड आहे. अळीभक्षक मासे आणि हिवताप यांवरच्या उपलब्ध अभ्यासांची कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटानं छाननी केली. अळ्या कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलं, पण आजारावरच्या परिणामाचा भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. याचा अर्थ मासा निकामी असा होत नाही. मासे सोडताना मोजमाप करणारा माणूस सोबत नव्हता, असा होतो.

या माशाची दुसरी बाजू जिल्ह्यातल्या मत्स्यशेतीत दिसते. निम्न तेरणा, सीना-कोळेगाव यांसारखी धरणं, लहान-मोठे पाझर तलाव आणि ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर वाढलेली प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी, हे इथल्या मत्स्यशेतीचं क्षेत्र. कटला, रोहू, मृगळ या तीन माशांवर ती उभी आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी खातो, त्यामुळं एकाच पाण्यात तिघांचं भागतं. पण हे मासे डासअळीचे खास शिकारी नाहीत. तळ्याच्या काठाला गवत वाढू दिलं, तर त्या उथळ पाण्यात अळ्या सुखानं राहतात.

तिथं गप्पी सोडावा, असं सहज सुचतं. मत्स्यबीज वाढवणारा माणूस त्याला ठाम नकार देईल आणि तो बरोबर असेल. संगोपन तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सोडण्याआधी नको असलेले सगळे मासे काढून टाकावे लागतात, कारण ते जिरे खातात आणि खाद्यात वाटेकरी होतात. त्यासाठी मोहाची पेंड टाकण्याची रीत आहे. एक हेक्टर क्षेत्र आणि एक मीटर खोलीच्या पाण्याला सुमारे २,५०० किलो. पेंडीतल्या सॅपोनिनमुळं मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विषार उतरतो आणि उरलेली पेंड खत होते. एका खात्याचा कर्मचारी जो मासा पिशवीत जपून नेतो, तोच मासा दुसऱ्या खात्याच्या सल्ल्यानं पेंड टाकून मारावा लागतो. दोघांचंही चुकत नाही. कुठला मासा कुठल्या पाण्यात, हे एकत्र बसून ठरवलेलं नसतं, एवढाच याचा अर्थ.

इथं पैशाचा प्रश्न येतो आणि तो मच्छीमार सहकारी संस्थेच्या भागधारकांपुढं असतो. तलाव ठेक्यानं घेतलेल्या संस्थेचे सभासद थोडं थोडं भागभांडवल घालतात. कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. उरलेल्यातून पुढच्या वर्षीच्या बोटुकलीसाठी, म्हणजे बोटभर वाढलेल्या मत्स्यबीजासाठी, पैसा ठेवायचा की सभासदांच्या हातात द्यायचा, यावर सभेत वाद होतो. कटला-रोहूचं बीज पावसाळ्यात मिळतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून बियाण्यासाठी नदीवर अवलंबून राहावं लागत नाही. पावसावर मात्र आजही राहावं लागतं. बीज घेण्याचा निर्णय जुलै-ऑगस्टमध्ये करावा लागतो आणि मराठवाड्यातले तलाव भरणार की नाही, ते पुष्कळदा सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर ठरतं. मोठी बोटुकली घेतली तर जास्त जगते पण महाग पडते. स्वस्त मत्स्यजिरे घेतले तर बरेचसे मरतात. तलाव आटला तर दोन्हींचा पैसा बुडतो. ज्यानं पाचशे-हजार रुपयांचा भाग घेतलाय, त्याच्यासाठी हा शेअर बाजारातल्या कुठल्याही निर्णयाइतकाच जोखमीचा आहे, आणि त्याला सल्ला द्यायला कुणी दलाल नाही.

याच सभेत काठावरचं गवत काढायला चार दिवसांची मजुरी मंजूर करा, असा ठराव आला तर तो खर्च वाटतो. पण काठ मोकळा राहिला तर जाळं टाकायला सोपं जातं, बिनकामाच्या माशांना आसरा मिळत नाही आणि अळ्याही कमी होतात. उत्पादन आणि आरोग्य यांचा फायदा एकाच मजुरीत मिळतो, हे सभासदांपुढं आकड्यांनिशी मांडायला हवं.

शास्त्रज्ञांची एक सूचनाही आपल्या केंद्रांनी मनावर घ्यायला हवी. परका मासा नदी-ओढ्यात गेला की स्थानिक माशांच्या जागेवर हक्क सांगतो. गॅम्बुशियाची तर जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींत गणना झालेली आहे. म्हणून गप्पी बंदिस्त पाण्यातच राहिला पाहिजे. बोरी किंवा तेरणेच्या पात्रात, धरणात तो कधीही सोडू नये. गोव्यात १९९० च्या दशकात हिवताप संशोधन केंद्रानं ॲप्लोकायलस ब्लॉकी हा पश्चिम किनाऱ्यावरचा देशी मासा शहरी हिवतापाच्या डासांविरुद्ध वापरून पाहिला आणि त्यातून चांगले निष्कर्ष आले. मराठवाड्याच्या ओढ्यांतही पृष्ठभागावर खाणारे लहान देशी मासे आहेत. त्यातले कुठले हौदात टिकतात, हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. धाराशिवमध्ये विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापूरला १९८६ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, अणदूरला खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवणारी हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, ग्रामविकास शिकणारी मुलं आणि गावागावातल्या आशाताई, अशी माणसं एका जिल्ह्यात सहसा एकत्र सापडत नाहीत.

त्यांना करायचं काम साधं आहे. दोन सारखी गावं निवडायची. एकात गप्पी सोडायचे आणि ते टिकवण्याची जबाबदारी नाव घालून वाटायची. दुसऱ्यात नेहमीचंच काम चालू ठेवायचं. दर पंधरवड्याला टॉर्च घेऊन घराघरातली भांडी पाहायची, किती घरांत आणि किती भांड्यांत अळी सापडली ते लिहायचं, तापाच्या रुग्णांची नोंद शेजारच्या रकान्यात ठेवायची आणि ते तीन वर्षं, दुष्काळाच्या आणि बऱ्या पावसाच्या दोन्ही वर्षांत, न चुकता करायचं. हिवताप कार्यालय, मत्स्य विभाग आणि मच्छीमार संस्था यांनी ती वही एकाच टेबलावर उघडली, तर कुठल्या पाण्यात कुठला मासा, हा प्रश्न जिल्ह्यापुरता सुटेल. आज ‘इतके हजार मासे सोडले’ हा आकडा वर कळवला जातो. त्या जागी ‘इतक्या घरांत अळी सापडली नाही’ हा आकडा कळवायला सुरुवात झाली, तर मागच्या भिंतीला लागून असलेल्या त्या हौदाचं मोल खात्याला आणि गावाला, दोघांनाही ठरवता येईल.