दुखणं उलटतं तेव्हा : नैराश्य, पांढऱ्या पेशी आणि यवतमाळ

उतरलेला ताप पुन्हा चढला की आपल्याकडे म्हणतात, 'ताप उलटला'. नैराश्यही असंच उलटतं. एकदा नैराश्य येऊन बऱ्या झालेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना ते पुढे कधीतरी पुन्हा गाठतं, आणि जितक्या वेळा उलटेल तितका पुढचा धोका वाढत जातो. असं का होतं, याचं एक अपुरं पण महत्त्वाचं उत्तर रोगप्रतिकारक पेशींकडे आहे. आज त्याबद्दल बोलू.

यवतमाळ जिल्ह्यात नैराश्याचा विषय निघाला की बोलणं कापसाचा भाव, कर्ज आणि पावसाकडे वळतं. ते वळायलाच हवं. रक्ताचा रिपोर्ट पुढे करून कुणी म्हणेल की प्रश्न भावाचा नाही, पेशींचा आहे, तर ते आम्हाला मान्य नाही. उलट, कर्जाची काळजी शरीरात नेमकी कुठून शिरते, हे या संशोधनातून थोडंफार दिसतं.

चिकनगुनिया झालेला माणूस आठवा. जेवण नको, बोलणं नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटतं. हे त्याच्यावर विषाणू एकटा लादत नाही. विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो : आता पडून राहा, ताकद वाचव. चार दिवसांसाठी हे शहाणपणाचंच आहे. पण हा निरोप महिनोन्‌महिने चालू राहिला तर? भूक, झोप, उत्साह सगळंच जातं, आणि ते चित्र नैराश्याच्या फार जवळ येतं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा जरा वेगळ्याच ठिकाणी मिळाला. हेपेटायटिस-सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने देत. इंटरफेरॉन हे सायटोकाइनच. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना उपचार चालू असतानाच नैराश्य आलं. घरचं, पैशाचं सगळं तेच, बदललं होतं ते रक्तातलं रसायन.

बरं, शेतकऱ्याला कुणी इंटरफेरॉन टोचत नाही. मग दाह येतो कुठून? ताण आला की शरीर कॉर्टिसॉल सोडतं, आणि एरवी कॉर्टिसॉल दाहाला आवर घालतं. पण कासरा सतत ओढलेलाच ठेवला तर बैल त्याला जुमानत नाही. तसंच, वर्षानुवर्षं ताण राहिला की पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलचं ऐकेनाशा होतात. बारीक आगटी धुमसत राहते. तिच्यामुळे ट्रिप्टोफॅन हा अन्नातला घटक सेरोटोनिनऐवजी दुसऱ्याच वाटेने जास्त वळतो. मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार पेशी, याही काही रुग्णांत जास्त जागलेल्या दिसतात. हे वारंवार झालं तर पुढचा झटका यायला लहानसं कारणही पुरत असावं, असा संशोधकांचा कयास आहे. कयासच म्हणतोय आम्ही, सिद्धांत नाही.

आणि हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. दाह मोजायची सोपी खूण म्हणजे रक्तातलं सीआरपी. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये आला, त्यात नैराश्याच्या साधारण 27 टक्के रुग्णांत ते 3 मिलिग्रॅमच्या वर होतं. म्हणजे चारातल्या एकाला. तिघांचं नैराश्य तितकंच खरं, पण त्यांच्या रिपोर्टात ही खूण नाही.

म्हणून 'मग आम्हीपण सीआरपी करून घेऊ का?' या प्रश्नाला आमचं उत्तर : नैराश्यासाठी म्हणून नको. आपल्या भागात सीआरपी वाढायला कारणं ढिगाने आहेत. क्षयरोग, सिकलसेलचा त्रास, चिघळलेली जखम, खर्रा खाऊन सुजलेल्या हिरड्या, वाढलेलं पोट. त्या आकड्यावरून मनाचं निदान होत नाही. मात्र ही कारणं शोधून त्यांवर उपचार व्हायलाच हवेत.

औषधांचं काय? 2013 मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या 60 रुग्णांपैकी काहींना इन्फ्लिक्सिमॅब हे सांधेदुखीत वापरलं जाणारं दाहविरोधी औषध दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाईन. सगळे मिळून पाहिले तर फरक शून्य. ज्यांचं सीआरपी सुरुवातीलाच जास्त होतं त्यांना मात्र फायदा झाल्यासारखा दिसला, आणि कमी असलेल्यांत सलाईनवालेच बरे राहिले! तेव्हा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून नैराश्यावर खाऊ नका. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अंगदुखीवर मिळणारी स्टेरॉइडं तर स्वतःच मन बिघडवू शकतात.

उलटणं टाळायला आज हाताशी आहे ते साधंच आहे. बरं वाटू लागलं की लोक गोळी सोडतात, बहुधा कापूस वेचणीच्या धांदलीत. पण बरं वाटल्यावरही ती सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते. वारंवार उलटत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. झोप आणि अंगमेहनतीखेरीजचा जरा विसावा यांनाही इथे औषधाइतकंच गांभीर्याने घ्या.

यवतमाळसह 14 जिल्ह्यांत 2015 पासून 'प्रेरणा प्रकल्प' आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, आणि तेही गावातल्याच प्रशिक्षित माणसांच्या जोरावर. आशाताई दारात आल्या तर त्यांना एवढं आवर्जून सांगा की हे दुखणं पूर्वीही येऊन गेलंय, आणि त्या वेळी गोळी कधी सोडली होती. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.