पांघरूण ऊब देतं, पण नाव झाकतं का?

विम्याचा विषय निघाला की आपल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, हे 'कव्हर, कव्हर' म्हणतात ते काय? वहीला घालतो तेच का?" प्रश्न चांगला आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

कव्हर म्हणजे झाकण, पांघरूण. पांघरूण थंडीत ऊब देतं. पण "त्याच्या चुकांवर पांघरूण घातलं" असंही आपणच म्हणतो. एकाच शब्दात आसराही आहे आणि लपवणंही. इंग्रजी शब्दाचंही तसंच आहे, आणि त्या पांघरुणाखाली इंग्लंडमधल्या बायका कित्येक शतकं झाकल्या गेल्या.

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या राजवटीने इंग्लंड जिंकलं. पुढे तिथल्या कोर्टांत फ्रेंच शब्द रुळले. लग्न झालेल्या बाईला कायदा 'फेम कव्हर्ट' म्हणू लागला. फेम म्हणजे बाई, कव्हर्ट म्हणजे झाकलेली. कुमारिका किंवा विधवा असेल ती 'फेम सोल', म्हणजे एकटी बाई. एकटीला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येई, कोर्टात दावा लावता येई. लग्न झालं की ते बंद. कायद्याच्या लेखी नवरा-बायको मिळून एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा! तिची मजुरी त्याची, साठवलेला पैसा त्याचा. जमीन तिची असली तरी खंड तो घेई. १७६५ साली विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात हे मांडलं, आणि यातली बहुतेक बंधनं बाईच्या रक्षणासाठीच आहेत, असंही म्हटलं.

हे रक्षण कसं होतं, ते कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने भोगलं. नवरा मारहाण करी. १८३६ मध्ये दोघं वेगळी झाली, तेव्हा त्याने तिन्ही मुलं स्वतःकडे ठेवली. तिने लिहून मिळवलेल्या पैशांवरही कायद्याने त्याचाच हक्क! ती गप्प बसली नाही. तिने पत्रकं लिहिली, १८५५ मध्ये राणी व्हिक्टोरियाला जाहीर पत्र लिहिलं. तिच्यासारख्या अनेकींच्या धडपडीतून १८३९ मध्ये आईला लहान मुलांचा ताबा मागायचा हक्क मिळाला. १८७० मध्ये बायकोची कमाई तिची झाली, आणि १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही.

आता आपल्याकडे येऊ. १८७४ साली इंग्रज सरकारने इथे 'विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा' केला. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन बायकांना तो तेव्हा लागू नव्हता. पण १९२३ मध्ये त्यातलं कलम ६ त्यांच्यासाठीही खुलं झालं, आणि ते आजही आपल्या उपयोगाचं आहे.

नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली बायको-मुलांच्या हितासाठी काढला, तर ते पैसे त्यांचेच. नवऱ्याच्या कर्जापोटी घेणेकऱ्याला त्यावर हात टाकता येत नाही. मात्र घेणेकऱ्यांना फसवायच्या हेतूने विमा काढलेला नसावा. आणि हे विमा काढतानाच लिहून द्यावं लागतं. नुसतं नॉमिनी म्हणून नाव घातलं की काम झालं, असं समजू नका. एजंटला स्पष्ट विचारा.

हेही कव्हरच आहे, पण यात बाईचं नाव झाकलं जात नाही, कागदावर येतं. तेव्हा आज रात्री घरातली कागदपत्रं काढा. सातबारा, घराचा उतारा, पासबुक, विमा. प्रत्येकावर नाव कोणाचं आहे ते वाचा, आणि पुढच्या बैठकीत सांगा. वाचता येत नसेल तर कागदच घेऊन या. आपण मिळून वाचू.