सदनिकेतील फळझाड: आधी उन्हाचा हिशेब, मग रोपाची खरेदी

मृगाच्या सरींबरोबर रोपवाटिकांचा हंगाम सुरू झाला असून, दिवाणखान्यातील कुंडीत आंब्यापासून ड्रॅगन फ्रूटपर्यंत काहीही पिकते असे सांगणाऱ्या जाहिराती आणि चित्रफिती आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावांतून पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात येऊन सदनिकेत स्थिरावलेल्या कुटुंबांना त्यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, कारण बांधावरचे व परसातले फळझाड हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. परंतु जाहिराती फळाच्या नावापासून सुरुवात करतात, आणि निवड तेथेच चुकते. सदनिकेत झाड निवडायचे ते घराला मिळणाऱ्या उन्हावरून, फुलांच्या परागीभवनाच्या सोयीवरून आणि मुळांच्या स्वभावावरून.

या तिन्हींत ऊन पहिले. कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक आणि ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या अभ्यासचळवळीचे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर यांनी तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांबरोबर काम करताना जो विचार मांडला, तो सदनिकेला विशेष लागू पडतो. झाडाचे उत्पन्न जमिनीच्या क्षेत्रफळावरून न मोजता पानांनी टिपलेल्या उन्हावरून मोजावे, हे त्या विचाराचे सूत्र होते. त्यामागे पक्के शास्त्र आहे: झाडाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून उन्हाच्या बळावर तयार होतो, तर मातीतून येणाऱ्या खनिजांचा वाटा अत्यंत थोडा असतो. म्हणूनच ऊन कमी असेल तर महागडे खत ती उणीव भरून काढू शकत नाही. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) असते, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात ती बहुधा काही शेकड्यांवर येते. डोळा अशा बदलाशी चटकन जुळवून घेत असल्याने माणसाला हा फरक जाणवत नाही, पण पानाला तो उपासमारीइतका जाणवतो. बहुतेक फळझाडांना रोज सुमारे सहा तास थेट ऊन लागते, तेव्हा ‘घरात’ याचा व्यवहारातील अर्थ ‘सज्जात’ असाच घ्यावा लागतो.

मात्र सज्जाची दिशा केवळ होकायंत्राने पाहून भागत नाही. बीड जिल्हा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकतो. परिणामी, वर स्लॅब असलेल्या दक्षिणमुखी सज्जात ऑक्टोबर ते मार्च भरपूर ऊन येते, पण पावसाळ्याच्या तोंडावर दुपारची थेट किरणे तेथे पोहोचत नाहीत. या सज्जाला अंजीर शोभते, कारण शरद ऋतूत छाटणी करून घेतलेला त्याचा मीठा बहार हिवाळ्यातील उन्हावर पोसला जातो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळे देतो. शिवाय पुणे अंजीर या जातीत परागीभवनाशिवाय फळ धरते. पूर्वेचा व पश्चिमेचा सज्जा वर्षभर काही तास ऊन देतो, म्हणून कागदी लिंबू, डाळिंब किंवा बुटक्या वाढीचा आंबा यांचा विचार तेथे करता येतो. कोटा येथील शेतकरी श्रीकिशन सुमन यांनी विकसित केलेली ‘सदाबहार’ ही आंब्याची जात बुटकी असून काही वर्षे कुंडीतही वाढवता येते. उत्तरमुखी सज्जात मात्र फळाचा आग्रह सोडून विड्याच्या पानांचा वेल लावणे शहाणपणाचे ठरते.

जाहिरातींच्या यादीत मात्र बालाघाटच्या डोंगररांगांतील सीताफळाला स्थान मिळत नाही, ही खेदाची बाब आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अंबाजोगाईला त्याचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. उथळ, मुरमाड जमिनीत आणि तुटपुंज्या पाण्यावर तग धरण्याचा या झाडाचा स्वभाव मोठ्या कुंडीतही उपयोगी पडतो. ते पानगळीचे झाड असल्याने हिवाळ्याच्या अखेरीस उघडेबोडके दिसते, पण ते मेले असे समजून फेकू नये. उन्हाळ्यात नव्या फुटीबरोबर त्याला फुले येतात, म्हणून त्याची जागा पूर्वेच्या सज्जात किंवा गच्चीवर.

सीताफळाची खरी अडचण परागीभवनाची आहे. त्याच्या फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे एकाच फुलात फलधारणा सहसा होत नाही. रानात हे काम लहान भुंगेरे करतात, जे सदनिकेच्या चौथ्या मजल्यावर क्वचितच पोहोचतात. यावर उपाय सोपा आहे: पूर्ण उमललेल्या फुलातील पराग मऊ कुंचल्याने गोळा करून, ज्याच्या पाकळ्या नुकत्याच किंचित विलग झाल्या आहेत अशा फुलाच्या आत सकाळी हलकेच फिरवावेत. कोरड्या, तापलेल्या हवेत फळ धरत नाही, पण पहिल्या पावसानंतर हवेत दमटपणा आला की यश वाढते. ड्रॅगन फ्रूटच्या काही जातींनाही रात्री असेच हाताने परागीभवन करावे लागते, हे जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही.

रोप बियांचे न घेता कलमाचेच घ्यावे, म्हणजे फळ लवकर येते आणि जातीची खात्री राहते. सीताफळासाठी मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या खुंटावर निवडक जातीची काडी बसवून केलेले कलम, योग्य ठरते. गावाकडची काळी माती प्रेमाने आणून कुंडीत भरू नये, कारण ती ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. पोयटा, कंपोस्ट आणि नारळाचा भुसा यांचे मिश्रण हलके व निचऱ्याचे असते. शंभर लिटरच्या पिंपात ओली माती भरली तर तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून अशी पिंपे सज्जाच्या कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवावीत.

खरेदीपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी सज्जात ऊन कोठे, किती वाजता आणि किती वेळ पडते याची नोंद केली, तर निम्म्याहून अधिक निराशा टळेल. तथापि, हा भार केवळ ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर किती तास ऊन लागते, परागीभवन हाताने करावे लागते का आणि कलम आहे की बियांचे रोप, या तीन गोष्टी छापणे रोपवाटिकांना सहज शक्य आहे. कृषी विद्यापीठे आणि शासकीय फळरोपवाटिकांनी हा पायंडा पाडला, तर खासगी विक्रेत्यांनाही त्यामागून यावे लागेल.