दोन नळ्या आणि एक बुडबुडा

फ्यूम हूडच्या मागच्या बाजूला दोन आडव्या काचनळ्या. एक व्हॅक्यूम पंपाला जोडलेली, दुसरीतून नायट्रोजन किंवा आर्गॉन वाहतो. मध्ये चार-पाच स्टॉपकॉक आणि प्रत्येकाला एक जाड रबरी नळी. स्टॉपकॉक इकडे फिरवला की फ्लास्कमधली हवा ओढली जाते, तिकडे फिरवला की वायू भरतो. टोकाच्या तेलात बुडबुडे संथ लयीत फुटत असले की निम्मी काळजी मिटली. ही श्लेंक लाइन. ऑर्गॅनोमेटॅलिक रसायनातला नवा प्राध्यापक रिकाम्या प्रयोगशाळेत ती उभी करतो, तेव्हा कुठे संशोधनाला सुरुवात होते.

कारण त्याच्या संयुगांना हवा सोसत नाही. लिथियमला जोडलेल्या कार्बनवर ऋणभार असतो. बाष्पाचा कण मिळताच तो प्रोटॉन उचलतो आणि केलेली मेहनत वाया जाते. टर्शरी-ब्युटिललिथियम तर हवेत आपोआप पेटतं.

विल्हेल्म श्लेंक या जर्मन रसायनज्ञाची कीर्ती अशाच तापट संयुगांवर उभी आहे. १९१७ साली योहाना होल्ट्झ यांच्यासोबत त्यांनी मिथिललिथियम, फिनाइललिथियम अशी संयुगं प्रथम तयार केली. १९२१ मध्ये ते बर्लिनला एमिल फिशर यांच्या जागी आले. ग्रिन्यार अभिकारकाची रूपं द्रावणात आपापसांत बदलत राहतात, हा १९२९ चा ‘श्लेंक समतोल’ त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा.

लाइन वापरणं मात्र शोधनिबंध वाचून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. काचेची भांडी तापवून कोरडी करायची. हवा ओढायची, वायू भरायचा, असं तीनदा. द्रव एका फ्लास्कमधून दुसऱ्यात न्यायचा तो बारीक पोकळ सुईतून, वायूच्या दाबाने.

एवढा खटाटोप अभिक्रियेची वाट शोधण्यासाठीही असतो. पॅलेडियम कार्बन आणि ब्रोमीनच्या मधोमध शिरतो, दुसरा कार्बन स्वीकारतो, दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा होतो. या साखळीतली मधली कडी क्षणभंगुर असते. तिला हवेपासून वाचवलं, तरच एनएमआरमध्ये तिची खूण दिसते. नाहीतर फॉस्फरसच्या स्पेक्ट्रममध्ये पॅलेडियमसोबत वापरलेल्या ट्रायफिनाइलफॉस्फिनच्या उणे ५ जवळच्या शिखराच्या जोडीला अधिक २९ च्या आसपास त्याच्या ऑक्साइडचं शिखर डोकावतं. ते दिसलं की विद्यार्थी न बोलता उठतो आणि कुठला सांधा सैल राहिला ते तपासू लागतो.

पंपाच्या वाटेवर एक थंड ट्रॅप असतो, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला. ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होतो. ट्रॅप थंड असताना चुकून हवा आत शिरत राहिली, तर तळाशी फिकट निळा द्रव साठतो आणि ट्रॅपमधल्या सेंद्रिय द्रावकाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. म्हणून नव्या विद्यार्थ्याला लाइन सुरू कशी करायची याबरोबरच बंद कशी करायची हेही घोकून घ्यावं लागतं. दिवसभर जिला बाहेर हाकललं, ती हवा संध्याकाळी अशाच एखाद्या चुकीची वाट बघत असते.